माहीत करून न घेण्याची शिस्त

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या एका निकालात अर्जदाराला नाव नाही. कागदोपत्री तो ‘एमएक्स’ आणि ज्या कंपनीविरुद्ध तो उभा राहिला ती ‘झेडवाय’. कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली, एमएक्स तिथे कॅज्युअल मजूर. कायम होण्याची वेळ आली तेव्हा रिवाजाप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली. माणूस कामाला तंदुरुस्त निघाला, पण रक्तात एचआयव्ही सापडला. तेवढ्यावर त्याचं कायम होणं थांबलं आणि पुढे कामही बंद झालं. लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी त्याची बाजू लढवली. नाव झाकून दाद मागायची परवानगी न्यायालयाने दिली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. निकालाचा गाभा असा : हा माणूस काम करू शकतो का, आणि त्याच्यामुळे कामावर इतरांना खरोखर धोका आहे का, एवढंच मालकाने पाहायचं. दोन्ही बाबतींत अडचण नसेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारणं राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत बसत नाही.

प्रस्तावनेची सुरुवात कोर्टापासून करण्याला कारण आहे. कामाच्या ठिकाणी एचआयव्ही-एड्सचा प्रतिबंध म्हटलं की आपल्याकडे एक डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, आठवतो. गेटवर लाल फिती, कँटीनमध्ये व्याख्यान, रांगोळी स्पर्धा, युनियनच्या अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन, शेवटी वडा आणि चहा. त्यात वाईट काही नाही. पण माझं आयुष्य कारखान्यांच्या पर्सनल खात्यात गेलं आणि अशा कार्यक्रमातून उठून कोणी तपासणीला गेल्याचं मला आठवत नाही. कामगार तपासणीला जातो तो नोकरी राहील अशी खात्री असली तर. ती नसेल तर माहितीचा उलटाच परिणाम होतो. निकाल काय येऊ शकतो हे आता त्याला नीट समजलेलं असतं, म्हणून तो दवाखान्याच्या बाजूलाही फिरकत नाही. नोकरीची हमी ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमाला शेवटी जोडायची दयेची पुरवणी आहे, असं पुष्कळ व्यवस्थापनं समजतात. माझ्या मते प्रतिबंध तिथूनच सुरू होतो. हातातलं पुस्तक मला आवडलं ते याच कारणासाठी. त्याचं पहिलं प्रकरण विषाणूवर नाही, बडतर्फीवर आहे.

लेखिकांनी कामगार वस्त्यांत समुपदेशनाचं काम केलं आहे आणि पुस्तक लिहिलं आहे ते कल्याण अधिकारी, कंपनीचे डॉक्टर, सेफ्टी कमिटीचे सभासद आणि युनियनचे कार्यकर्ते यांच्यासाठी. भाषा शॉप फ्लोअरवरची आहे. टाइम ऑफिस, गेटपास, मुकादम, ओव्हरटाइम हे शब्द जसे आपण बोलतो तसेच इथे येतात, आणि संभोगाबद्दल लिहितानाही आडपडदा नाही. काही वाचकांना ते खटकेल. खटकू द्यावं.

मागचं थोडं सांगायला हवं, कारण आज तिशीत असलेल्या अधिकाऱ्यांना तो काळ ठाऊक नाही. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले एचआयव्ही-बाधित नमुने शोधून काढले. सोलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी आयुष्य या रुग्णांना दिलं. पण सरकारांची पहिली प्रतिक्रिया डॉक्टरची नव्हती, पोलिसाची होती. गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला. १९८९ साली त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाला नेण्यात आलं आणि जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अंतरिम आदेशावर तो सुटला, मात्र विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने त्या वेळी उचलून धरली. नोकरीही राहिली नाही. १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करून त्याच वर्षी तो गेला. डिसोझाचा खटला आणि एमएक्सचा खटला यांत जेमतेम आठ वर्षांचं अंतर आहे आणि न्यायालयही एकच. एवढ्या थोड्या काळात न्यायालयाची नजर इतकी बदलली. कारखान्यांची बदलायला याहून बराच वेळ लागला.

१९९२ मध्येच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि पुण्याला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आली. ही संशोधन संस्था भोसरीच्या एमआयडीसीत आहे. आजूबाजूला प्रेस शॉप, फोर्जिंग, ऑटो पार्ट्सचे लहानमोठे कारखाने, आणि मधोमध एड्सवर जागतिक दर्जाचं संशोधन करणारी प्रयोगशाळा. त्या रस्त्याने रोज शिफ्टला जाणाऱ्या माणसाला आत काय चालतं याचा पत्ता नसायचा. दोष कुणाचाच नाही म्हणा. पण या विषयातलं ज्ञान आणि कामगार किती जवळ राहून किती लांब होते हे समजायला ते एक ठिकाण पुरेसं आहे.

त्या काळातली पोस्टर्स आठवतात. कवटी, हाडं, काळा रंग, आणि ‘मृत्यू’ हा शब्द ठसठशीत. भीती घातली की माणूस सुधारतो हा आपला जुना समज. तीच पोस्टर्स पाहून सहकाऱ्यांनी एखाद्याचा डबा वेगळा केला, पाण्याचा ग्लास वेगळा केला, कधी पाळीतून बाजूला काढलं. २००२-०३ च्या सुमारास मुंबईत ‘बलबीर पाशा’ या काल्पनिक माणसाची होर्डिंग्ज लागली. बंदरांवर काम करणारी माणसं आणि त्यांच्यासारखे कष्टकरी पुरुष डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती मोहीम होती. ती गाजली, आणि लोक चहाच्या टपरीवर एचआयव्हीबद्दल बोलू लागले हे तिचं यश मान्य करायला हवं. पण दोष बाईकडे ढकलला जातो, अशी तक्रार स्त्री कार्यकर्त्यांनी तेव्हाच केली होती, आणि मला ती आजही रास्त वाटते. लेखिकांनी या मोहिमेवर चार पानं खर्च केली आहेत. ती जरूर वाचावीत.

मालक मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ‘हा आजार आमच्या मशिनवर होत नाही, कँटीनमध्ये होत नाही. माणूस बाहेर जाऊन काय करतो ते आम्ही कशाला बघायचं?’ प्रश्न वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. हात मिळवून, एका ताटात जेवून, एकच संडास वापरून, घामाने, डास चावून एचआयव्ही होत नाही. असुरक्षित संभोग, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग. दवाखाने वगळले तर कामाच्या जागेवर लागण होण्याचा संबंध जवळपास नाहीच. मग कार्यक्रम तिथे का?

एक कारण उघड आहे : कामकरी वयाची माणसं तिथे एकत्र सापडतात. दुसरं कारण मालकांना ऐकायला आवडत नाही. माणूस बाहेर काय करतो हे बरंच आत ठरतं. न्हावाशेव्याकडे निघालेला ट्रक किती दिवस लाइनीत उभा राहणार हे ड्रायव्हर ठरवत नाही, डिस्पॅच खातं आणि बंदराची व्यवस्था ठरवते. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहायचं की वर्षातून चार वेळा रजा मिळायची हे रजेच्या नियमांवर असतं. दहा बाय दहाच्या खोलीत आळीपाळीने झोपणारे आठ जण, पगाराची रात्र, आठवड्याची सुट्टी आणि करमणुकीला काहीच नाही, ही परिस्थिती कुणी जन्माला घालत नाही का? दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. लेसोथो, मोझांबिकसारख्या देशांतून पुरुष आणायचे, बायकामुलं गावी ठेवायची, माणसांना फक्त पुरुषांच्या वसतिगृहांत कोंडायचं. ही पद्धत एचआयव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. विषाणू आला तेव्हा त्याला रस्ता तयारच मिळाला. वरून खाणीतली सिलिकाची धूळ. तिने फुप्फुसं आधीच पोखरलेली, त्यामुळे क्षयाला वाव. एचआयव्ही आणि क्षय हातात हात घालून चालतात हे आपल्याकडच्या डॉक्टरांना सांगायला नको, पण कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्रीत आणि खडी क्रशरवर धुळीचं माप घेणाऱ्या सेफ्टी ऑफिसरने एचआयव्हीचा विचार करावा, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. पुस्तकात ते आहे.

आफ्रिकेचं उदाहरण आणखी एका कारणाने मोलाचं. बोट्स्वानातल्या डेब्सवाना या हिऱ्यांच्या कंपनीने २००१ मध्ये आणि अँग्लो अमेरिकन या खाण उद्योगाने २००२ मध्ये कामगारांना एचआयव्हीवरचे उपचार स्वतः पुरवायचं ठरवलं. तोपर्यंत औषधं श्रीमंतांची होती. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी वर्षाला ३५० डॉलरमध्ये तिहेरी औषध देऊ केलं आणि दहा हजार डॉलरच्या वरचे भाव उघडे पडले. खाणमालकांच्या हिशेबात या घसरणीचा वाटा होता, आणि कुशल कामगार मरून नवा शिकवण्याचा खर्च हाही होताच. तो निव्वळ परोपकार होता असं मी म्हणणार नाही. पण गंमत पुढे आहे. औषध फुकट, दवाखाना आवारात, तरी सुरुवातीला माणसं येईनात. कंपनीच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की नाव कंपनीला कळणार, ही भीती औषधाच्या आशेपेक्षा मोठी होती. पैसा ओतला की कार्यक्रम चालतो असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून या विषयातलं सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे माहीत करून न घेणं. कंपनीने तपासणीची सोय करावी, उपचाराचा रस्ता मोकळा करावा, रजा द्यावी, कंडोम ठेवावेत, खर्च उचलावा, आणि यातल्या कशाचाही लाभ कोणी घेतला हे कधीही जाणून घेऊ नये. व्यवस्थापनाच्या स्वभावाला हे मानवत नाही. आम्हाला सगळ्याचा तक्ता लागतो : किती खर्च, किती लाभार्थी, लाभार्थींची यादी सोबत जोडावी. मी ज्या कारखान्यात होतो तिथल्या एका शिबिरानंतर निकालांची पाकिटं पर्सनल खात्याच्या टेबलावर येऊन पडली होती, ‘वाटून द्या’ म्हणून. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पगाराच्या पावत्या तिथूनच वाटल्या जायच्या, म्हणून पाकिटंही तिथेच. पुढच्या शिबिराला कोणी फिरकलं नाही यात नवल ते काय?

तेच कंडोमच्या पेटीचं. पेटी सिक्युरिटी केबिनच्या भिंतीवर, वर कॅमेरा, आणि महिनाअखेरीस अहवालात ‘प्रतिसाद अल्प’. ती संडासाच्या आतल्या बाजूला हलवा आणि मग मोजा. लेखिका अशा बारीकसारीक जागांवर थांबतात. बाहेर जायच्या गेटपासवर ‘कारण’ असा रकाना असतो, त्यात काय लिहायचं यावर त्यांनी पूर्ण पान लिहिलं आहे. एचआयव्हीवरची औषधं देणारं एआरटी केंद्र सकाळच्या वेळात, आठवड्याच्या कामाच्या दिवशी उघडं. फर्स्ट शिफ्टवाल्याला दर खेपेला सुपरवायझरला काहीतरी सांगावं लागतं. दोनदा दात दुखतात, तिसऱ्यांदा सासरे आजारी पडतात, चौथ्यांदा खोटं पकडलं जातं. कारणाच्या जागी ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द पुरेल आणि पुढे प्रश्न नाही, असा साधा आदेश निघाला तर एका माणसाची औषधं सुटायची वाचतात. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला आता एका वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या आहेत, त्यामुळे खेपा कमी झाल्या. रोजंदारीवाल्याचा खाडा मात्र खाडाच.

सहकाऱ्यांबद्दल आपण भाबडेपणाने बोलतो. समज दिली की भेदभाव संपतो, असं नेहमी नसतं. ग्रीसमधला एक खटला या पुस्तकात नाही, म्हणून इथे सांगतो. अथेन्सच्या एका दागिन्यांच्या कंपनीत एका कामगाराला एचआयव्ही असल्याचं २००५ मध्ये फुटलं. मालकिणीने समजूतदारपणा दाखवला आणि व्यवसायरोगतज्ज्ञाला बोलावून सगळ्यांना समजावून सांगितलं की धोका नाही. तरी ३३ जणांनी सही करून त्याला काढायची मागणी केली आणि त्याला काढलं गेलं. ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीत शांतता हवी म्हणून ते योग्य ठरवलं. २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ते चूक ठरवलं : सहकाऱ्यांच्या पूर्वग्रहाची किंमत त्या एका माणसाने मोजायची नाही. आपल्या कल्याण अधिकाऱ्याला यातून घ्यायचं ते असं, की व्याख्यान झालं म्हणजे जबाबदारी संपली नाही. डॉक्टरांनी सांगूनही कुजबुज चालू राहिली तर कुजबुज करणाऱ्यांशी शिस्तीच्या नियमांनी वागावं लागतं, आणि तिथे युनियनचा पाठिंबा असला तरच टिकाव लागतो.

उपचारांनी तर प्रश्नाचा चेहराच बदलला. १ एप्रिल २००४ पासून मोजक्या सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. पहिल्या काळातल्या औषधांनी जीव वाचवला पण गुपित फोडलं. स्टॅव्ह्युडीन या गोळीने गाल खप्पड व्हायचे, पायाची बोटं बधिर व्हायची, जळजळायची. दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्याला ते सोसत नसे, आणि गालावरून चार माणसं ओळखत. नंतर एफॅव्हिरेन्झ आलं. रात्री झोपताना घ्यायची गोळी, डोकं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची. नाइट शिफ्टवाल्याने ती केव्हा घ्यायची? क्रेन ऑपरेटरने, ड्रायव्हरने? कंपनीच्या डॉक्टरला न सांगता पाळी बदलून मागायची तर कारण काय द्यायचं? गेल्या काही वर्षांत डोल्युटेग्रॅव्हिर असलेली रोजची एकच गोळी आली आणि हे बहुतेक प्रश्न मागे पडले. पण पन्नाशीतल्या अनेक कामगारांनी तो सगळा प्रवास अंगावर काढलेला आहे, आणि ते आजही आपल्यातच काम करताहेत.

यापुढचा मुद्दा मराठी वाचकाला अजून पुरता पोचलेला नाही. नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू मोजमापाखाली गेला आहे, त्याच्याकडून संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने, ज्यात पुणेही सहभागी होतं, लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं. नंतरच्या अभ्यासांत विषाणू दबलेला असताना लागण झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. याचा कारखान्यापुरता अर्थ असा, की उपचार टिकवणं हाच आता प्रतिबंध आहे. ज्या कंपनीने रुग्णाला औषध घेत नोकरी करू दिली तिने लागणीची साखळी तोडली. जिने त्याला घरी बसवलं तिने, नकळत का होईना, ती पुढे चालू ठेवली.

कायद्याची कहाणी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००१ मध्ये आचारसंहिता केली आणि २०१० मध्ये शिफारस क्रमांक २०० मंजूर झाली. आपल्या श्रम मंत्रालयाने २००९ मध्ये कामाच्या जगासाठी राष्ट्रीय धोरण आणलं. धोरणांना दात नसतात. दात आले ते २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने. तो १० सप्टेंबर २०१८ ला अमलात आला. नोकरी देण्याआधी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, संमतीशिवाय तपासता येत नाही, कोणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि एचआयव्हीमुळे काढता किंवा डावलता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. आरोग्यसेवेत वीस माणसं पुरतात. कंपनीच्या नोटीस बोर्डावर या अधिकाऱ्याचं नाव आहे का, हे वाचकाने उद्याच जाऊन पाहावं. आणि कायदा झाला म्हणून माणसं बदलतात असं नाही. २०२३ मध्येही केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाला एचआयव्हीमुळे नाकारलेली पदोन्नती मिळवायला अलाहाबाद उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एमएक्सच्या निकालानंतर तोवर २६ वर्षं उलटली होती.

दवाखान्यांचं प्रकरण पुस्तकात स्वतंत्र आहे आणि मला ते सर्वांत चांगलं वाटलं. इथे मात्र धोका कामाच्या जागीच आहे. सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता कमी, हजारात सुमारे तीन. तरीही ती खरी आहे आणि ती टाळता येते. ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, औषध सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. डॉक्टरांना आणि सिस्टरांना हे पाठ असतं. पण सुया कुणाला टोचतात? वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना, कचऱ्याच्या पिशव्या ओढणाऱ्या मामांना, आणि पिशवीत काय आहे हे न बघता ती खांद्यावर टाकणाऱ्या कंत्राटी पोराला. सुई वेगळ्या डब्यात न जाता काळ्या पिशवीत गेलेली असते, आणि ती टाकणारा कधीच सापडत नाही. मावशी बोट चोखतात किंवा पिळून रक्त काढतात (दोन्ही चूक, नुसतं साबणाने आणि पाण्याने धुवायचं) आणि पुन्हा कामाला लागतात. सांगितलं तर कंत्राटदार म्हणेल, तू नीट काम करत नाहीस. बहात्तर तास असेच जातात. लेखिकांनी तक्ते दिले आहेत, पण त्यांचा खरा उपाय सोपा आहे : अपघाताची नोंद करणाऱ्याला ओरडायचं नाही, आणि औषधाची पहिली मात्रा रात्रपाळीच्या सिस्टरच्या कुलपात ठेवायची, प्रशासनाच्या ऑफिसात नाही.

सगळ्यात मोठं भगदाड कंत्राटी आणि हंगामी कामगारांचं आहे. कंपनीचा कार्यक्रम बहुधा कायम कामगारांच्या गेटपासपाशी संपतो, आणि कायम कामगार हा आज कारखान्यातला अल्पसंख्य प्राणी आहे. ज्याला लागण होण्याची शक्यता अधिक, तो गाव सोडून आलेला, ठेकेदाराच्या खोलीत राहणारा, सहा महिन्यांनी बदलणारा पोरगा व्याख्यानाच्या वेळी मशिनवर असतो, कारण कायमवाले व्याख्यानाला गेलेले असतात. साखर कारखान्यांचं चित्र आणखी निराळं. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाच्या उचलीवर, आणि उन्हाळ्यात परततात. कारखान्याच्या दृष्टीने ते कामगारच नाहीत, मुकादमाची माणसं आहेत. एआरटी केंद्र एका जिल्ह्यात, फड दुसऱ्या जिल्ह्यात, कधी शेजारच्या कर्नाटकात. नोंदणी तात्पुरती दुसऱ्या केंद्राकडे वळवता येते, पण तशी सोय आहे हे खोपीत कोण येऊन सांगतं? कारखान्याचा शेतकी विभाग टोळीला उसाचा प्लॉट दाखवायला रोज जातो. तोच निरोप नेऊ शकेल, ही पुस्तकातली सूचना मला फार व्यवहारी वाटली. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. त्यातले कितीतरी अशा फिरत्या कामांत असणार.

एका बाबतीत माझं लेखिकांशी पटत नाही आणि ते त्यांच्या परवानगीने इथे लिहितो. कारखान्याच्या आवारात तपासणी शिबिरं घ्यावीत असं त्या सुचवतात. माझा कल आवाराबाहेरच्या सरकारी केंद्राकडे आहे. तिथली तपासणी मोफत असते, समुपदेशक असतो आणि कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. शिबिरात कोण किती वेळ समुपदेशकासमोर बसला हे रांगेतले सगळे मोजत असतात, आणि पहिल्या चाचणीनंतर ज्याला पुढच्या चाचण्यांसाठी केंद्रावर पाठवायचं, त्याच्या हातातली चिठ्ठी लपत नाही. लेखिकांचं उत्तर सातव्या प्रकरणात आहे : रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे आणि एचआयव्ही सगळं एकत्र करा, प्रत्येकाला समुपदेशकापाशी सारखीच दहा मिनिटं बसवा, प्रत्येकाच्या हातात सारखंच बंद पाकीट द्या, आणि शिबिर बाहेरच्या संस्थेकडून घ्या, कंपनीच्या माणसाला तंबूत पाऊल टाकू देऊ नका. मला हे पुरेसं वाटत नाही. त्या म्हणतात, बारा तासांची पाळी करणारा कंत्राटी कामगार सरकारी केंद्राच्या वेळेत कधीच पोचणार नाही, तुमचा शुद्ध मार्ग फक्त कायमवाल्यांसाठी आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचकांपैकी कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर त्यांनी लेखिकांना कळवावं, पुढच्या आवृत्तीत सातवं प्रकरण त्या पुन्हा लिहायला तयार आहेत.